गावच्या हातचा खुंटा

एकदा आलेल्या पाहुण्याला जाऊ न देण्यात माझ्या धाकट्या जावेच्या मामांचा हात धरणारा माणूस अख्ख्या नाशकात सापडायचा नाही. आपण काय करतो, फार तर एक जेवण जास्त घालतो, चपला लपवतो, 'आता उद्याच निघा' म्हणून पिशवी उचलून आत ठेवतो. मामांनी एक सबंध सर्कस थांबवून धरली होती, हत्तीघोड्यांसकट, आणि तीही सत्तरएक वर्षं. हसताय ना? मीही हसायचे. त्या सर्कशीच्याच जागेवर बांधलेल्या सोसायटीत राहून चांगली वीस वर्षं हसले. मग हसणं कसं नि कधी कमी होत गेलं, ते माझं मलाच कळलं नाही.

आमची सोसायटी पंचवटीच्या पुढे, पेठ रोडला. आता इथे रिक्षा वळवायला जागा नाही, पण मामांच्या तरुणपणी सगळा माळ होता, मध्ये एक चिंच आणि लांबवर मखमलाबादचे मळे. त्या माळावर सर्कस उतरायची. आगगाडीनं नाशिक रोडपर्यंत यायची, तिथून पिंजरे गाड्यांवर आणि हत्ती-उंट आपल्या पायांनी. हत्ती गोदावरीत बसले की पोरांच्या शाळा आपोआप सुटायच्या म्हणे. मामा तेव्हा विशीतले. वडील अंथरुणाला खिळल्यामुळे त्यांचा गवताचा नि उसाचा ठेका मामांकडे आलेला. सर्कस असेपर्यंत रोज पहाटे बैलगाडी भरून जनावरांचा चारा पोचवायचा, असं काम. आता चारा टाकून माणूस घरी येतो. मामा यायचे नाहीत. बैल एकटेच गाडी घेऊन मखमलाबादला परतायचे आणि घरची माणसं समजून जायची.

पुढे ते जकात नाक्यावर कारकून झाले नि तिथूनच पेन्शनीत निघाले. त्या नोकरीत सरकारचं किती भलं झालं ठाऊक नाही, पण मामांनी नाशकातून बाहेर जाणारी एकही ताडपत्री उचलून बघायची सोडली नाही. नुसती उचलायची नाही, आत नाक घालून वास घ्यायचा. एकदा एका ट्रकवाल्यानं वैतागून विचारलं, "साहेब, शोधताय तरी काय?"

"वाघ," मामा म्हणाले.

"कांदे आहेत हो साहेब."

"असू देत. वाटेत वाघ दिसला तर येताना सांगून जा."

तो ट्रकवाला त्यानंतर म्हणे आडगावाकडून वळसा घालून जायचा.

मामांचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. मामी गेल्यापासून ते एकटेच. भाचीला भेटायचं निमित्त करून रोज दुपारी आमच्याकडे यायचे, पण फाटकातून जिन्यापर्यंत सरळ कधी यायचे नाहीत. आमचं अंगण मोठं आहे, पार्किंगचं म्हणतात, पण गाड्या कडेला आणि मध्य मोकळा. त्या मोकळ्या मध्याला मामा वळसा घालून यायचे. चांगला गोल वळसा, पाऊल मोजून. पायाचं प्लास्टर असतानासुद्धा कुबडी घेऊन वळशानं आले होते. "रिंगण आहे ते ताई," म्हणायचे, "खेळ चालू असताना मधून जाऊ नये. घोडे बिथरतात." मी म्हणायचे, "हो ना मामा, बरोबर आहे," आणि चहा टाकायचे. म्हाताऱ्या माणसाचं आपण ऐकून घेतो, तसं.

प्रत्येकाच्या घराखाली पूर्वी काय होतं हे सांगण्याची त्यांना भारी हौस. पहिल्या मजल्यावरच्या शिक्षिका बाई नव्या राहायला आल्या तेव्हा त्यांनी अगत्यानं मामांना घर दाखवलं. स्वयंपाकघराच्या दारात मामा थबकले. "वा! सिंहाचा पिंजरा. मोठा स्वच्छ होता हं सिंह. मांस टाकताना मात्र अंतर राखा." बाई हसल्या. दोन महिन्यांनी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "काकू, आमची मांजर सगळ्या घरात फिरते हो, पण स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. दूध तिला बाहेर आणून द्यावं लागतं." मी म्हटलं, फिनेलचा वास येत असेल. त्यांनी फिनेल बदललं. मांजर काही बदललं नाही.

माझ्या देवघराखाली घोड्यांची पागा होती म्हणे. हे ऐकून आधी मला रागच आला, आता देवाच्या उशाला लीद का! पण मामा म्हणाले, "अहो, सहा पांढरे घोडे होते. देवालाही आवडतील." मग एकदा श्रावणात सकाळी पूजेला बसले होते. पंखा बंद, खिडकी बंद. समईच्या पाचही वाती एकाच बाजूला झुकल्या, सरळ झाल्या, परत झुकल्या. दिवा फडफडतो तसं नव्हे. कुणी मोठ्या जनावरानं शेजारी उभं राहून श्वास घ्यावा नि सोडावा, तसं. मी आरती अर्धीच टाकली आणि जावेला हाक मारली. ती आली, तिनं बघितलं आणि आतून गुळाचा खडा आणून कोपऱ्यात ठेवला. "मामा सांगतात, गूळ आवडतो त्यांना," म्हणाली. बारावी पास बाई, बँकेत नोकरी केलेली! मी तिला वेड्यात काढलं. पण खडा काही मी उचलला नाही. संध्याकाळी मुंग्या लागल्या असतील म्हणून बघायला गेले, तर मुंग्याही नव्हत्या नि खडाही नव्हता.

कुत्र्यांचं तर सगळी सोसायटी बघतेच. आमच्या फाटकात चार कुत्री पडलेली असतात. चपाती दाखवा, बिस्किट दाखवा, ती अंगणाच्या मधून येणार नाहीत. कडेकडेनं, शेपूट आत घालून येतील. शिक्षिका बाईंची स्कूटर मध्ये लावली की सकाळी आडवी. त्यांना वाटायचं, कुणी खोडसाळपणा करतंय. त्यांनी कॅमेरा लावला. कॅमेऱ्यात कुणी आलेलं दिसलं नाही. स्कूटर मात्र थरथरते नि हळूच कलंडते, जशी गर्दीत कुणाच्या अंगाचा धक्का लागून कलंडावी. जमिनीला उतार आहे, असं आम्ही कमिटीत ठरवून टाकलं. कमिटीत मी आहे, म्हणून सांगते, उतार कुणीही मोजलेला नव्हता.

आणि मुलांच्या सायकली. दुपारी तीनच्या सुमाराला, शाळा नसली की, मुलं अंगणात सायकली फिरवतात. सगळी एकाच दिशेनं. कुणी शिकवलेलं नाही, पण सगळी एकामागे एक, डावा खांदा मध्याकडे करून, गोल गोल. दुसऱ्या मजल्यावरची पाच वर्षांची चिमुरडी परवापरवा तीन चाकांची सायकल घेऊन उतरली. मी आपली गंमत म्हणून तिची सायकल उलटी फिरवली. म्हटलं, "अगं, अशी जा." तर पोर रडायलाच लागली. "नाही आजी, तिकडून ते येतात ना!" म्हटलं, "कोण गं?" तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी रस्त्यात उभी राहून बस कुठे आहे विचारतेय. मग मी वर येऊन दार लावून बसले. मामा तेव्हा आमच्या खुर्चीत बसलेले होते. मला बघून घड्याळाकडे बघत म्हणाले, "तीनचा खेळ. आज भरलाय वाटतं."

इतकं सगळं असून मला मामांची भीती कधी वाटली नाही. कशी वाटणार? दाढी करताना कानाजवळचा एक कोपरा रोज राहून जाणारा, शर्टाच्या खिशात आमच्या नातवंडांसाठी शेंगदाण्याची चिक्की ठेवून ती तिथेच वितळवणारा माणूस. लग्नाकार्यात बँड वाजायला लागला की खुर्चीतल्या खुर्चीत त्यांचा पाय ठेका धरायचा. पण टाळ्या त्यांनी कधी वाजवल्या नाहीत. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "टाळी वाजवली की खेळ संपतो ताई." त्यावर पुढे काही विचारावं असं तेव्हा मला वाटलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

मागच्या वर्षी पावसात अंगणात फार चिखल झाला आणि कमिटीनं ठरवलं की सांडपाण्याची नवी लाइन टाकायची आणि सगळं अंगण काँक्रीटचं करून घ्यायचं. मिटिंग आमच्याच दिवाणखान्यात होती. मामा सभासद नाहीत, पण दाराशी उभे होते. काँक्रीट शब्द ऐकला आणि त्यांनी चौकट धरली. सगळे गेल्यावर आत येऊन स्वयंपाकघरात पाटावर बसले. खुर्चीवर नाही, पाटावर, नव्वदीचा माणूस. म्हणाले, "ताई, ते बुजवण्याआधी मला एक खुंटा काढायचाय."

मग त्यांनी सांगितलं ते असं. सर्कशीच्या लोकांची एक रीत होती. नव्या गावात तंबू उभारताना पहिला खुंटा आपल्या माणसानं ठोकायचा नाही. गावच्या माणसाकडून ठोकून घ्यायचा, नारळ फोडून. जमीन आपली नाही ना, मग उतरायची परवानगी त्या जमिनीच्या माणसानं द्यायला हवी. आणि मुक्काम हलवताना बाकीचे खुंटे कुणीही उपटावेत, पण तो एक खुंटा ज्यानं ठोकला त्याच्याच हातानं निघायला हवा. तो निघाला की गावानं निरोप दिला. नाही निघाला तर निरोप मिळालेला नाही. त्या वर्षी तो मान गवताच्या ठेकेदाराला, म्हणजे मामांना, मिळालेला.

"आणि निघताना तुम्ही विसरलात," मी म्हटलं.

"विसरलो नाही ताई. इतकी वर्षं सगळ्यांना तसंच वाटू दिलं." कप दोन्ही हातांत धरून ते त्यातल्या चहाकडे बघत होते. "मी उसात लपलो. मला त्यांच्याबरोबर जायचं होतं. मॅनेजर म्हणाला, घरी बाप आजारी आहे, यंदा नको, पुढच्या खेपेला नेतो. मी म्हटलं, पुढची खेप आली नाही तर? खुंटा राहिला की त्यांना यावंच लागेल. चार कोस जातील नि परत फिरतील. मग मी अट घालणार, मला घ्या, तरच उपटतो. मॅनेजरनं बांधावर येऊन तीन हाका मारल्या. तिसरी रागाची नव्हती. मी तोंडात माती धरून पडलो होतो. दुपारी गाड्या हलल्याचा आवाज आला."

"परत नाही आले?"

"नाही. महिन्यानं मी धुळ्याला गेलो, त्यांचा पुढचा मुक्काम तिथे होता. भिंतींवर जाहिराती चिकटलेल्या. मैदान रिकामं. पानवाल्याला विचारलं, तर म्हणाला, 'सर्कस? आठे ते उनीच नही भाऊ.' म्हणजे इथे तर आलीच नाही. मग मालेगाव बघितलं, चाळीसगाव बघितलं. कुणीही त्यांना येताना पाहिलं नव्हतं, ताई. तेव्हापासून आजपर्यंत कुणी नाही."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. म्हटलं, "अहो, मालकानं विकली असेल. नाव बदललं असेल. तेव्हा कुठे फोन होते?"

"मग हा खेळ कोण करतंय?" मामांनी विचारलं. खाली सायकलींच्या घंट्या वाजत होत्या. त्या दिवशी शनिवार होता, सकाळची शाळा, नि मुलं अजून आलेली नव्हती. मी खिडकीशी गेले नाही.

"ते धुळ्याला पोचले नाहीत, कारण ते इथून निघालेच नाहीत. मी अडकवून ठेवलेत त्यांना. त्यावर तुम्ही काँक्रीट टाकलंत की मी मेलो तरी सुटायचे नाहीत." आणि मग हा हसतमुख माणूस माझ्यासमोर, आईचा पदर हाताशी नसलेल्या पोरासारखा, शर्टानं डोळे पुसायला लागला.

मी कमिटीला काही सांगितलं नाही. सांगून कळलं नसतं आणि कळलं असतं तर फार वाईट झालं असतं. मी थेट कामाचे कंत्राटदार सलीमभाई, जुन्या नाशकातले, त्यांना गाठलं. म्हटलं, लाइनीचा खड्डा घ्यायच्या आधी एक खड्डा मी सांगते तिथे घ्या. सलीमभाईंनी नकाशा दाखवला. "काकू, पाईप इकडून जाणार, तुम्ही तिकडं खोदायला लावता. खजाना आहे का?" म्हटलं, "असेल तर तुमचा." "मग माझा अन् मामांचा फिफ्टी-फिफ्टी," ते हसत म्हणाले.

खोदायच्या दिवशी सकाळी दहाला मामा आले. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, हातात नारळ आणि खांद्यावर बैलाचा कासरा. चिंच तोडल्याला तीस वर्षं झाली, पण तिचा बुंधा कंपाउंडात अजून आहे. तिथून मामांनी कासऱ्यानं जमीन मोजली. तीन कासरे आणि एक हात. सलीमभाईंनी टेप पुढे केला तर म्हणाले, "त्यानं नाही सापडायचं." पहिल्यांदाच ते रिंगणाच्या काठावर आत पाय टाकून उभे होते.

वरचा भराव निघाला, मग काळी माती लागली. पहारीचा आवाज बदलला. पेठकडचा एक मजूर खड्ड्यात होता, त्यानं मातीत हात घातला नि झटकन काढला. "गरम हाय," म्हणाला. सलीमभाई वाकले. बाभळीचा, मनगटाएवढा जाड खुंटा, डोक्याला लोखंडी कडी. "सत्तर वर्षांचं लाकूड," ते हळू आवाजात म्हणाले, "अन् वाळवी नाही?" त्यांचं हसणं गेलं होतं. त्यांनी आपल्या माणसाला हाताला धरून वर घेतलं. खड्ड्यातून वास यायला लागला, भिजलेल्या घोड्यांचा, भुशाचा, रॉकेलच्या बत्तीचा. पहिल्या मजल्यावर शिक्षिका बाई कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी हातातली चादर तशीच धरून ठेवली.

मामांनी नारळ फोडला. खड्ड्यात उतरताना सलीमभाईंनी आधार दिला, पण त्यांनी खुंट्याजवळ हात नेताच मामा ओरडले, "नको! माझाच हात पाहिजे." मला वाटलं, हे काही जमणार नाही, या वयात त्यांची कंबर धरणार. मामांनी कडीत बोटं घातली आणि वर ओढलं. लहान पोराचा हलता दात निघावा तितक्या अलगद खुंटा हातात आला.

मला काही दिसलं नाही, हे आधीच सांगून टाकते. मला फक्त कुत्री दिसली. फाटकातली चारही उठून उभी राहिली, बाजूला सरकली, आणि त्यांच्या माना अंगणाकडून रस्त्याकडे वळायला लागल्या. हळूहळू, एकदम चौघांच्या. पुन्हा अंगणाकडे आल्या, पुन्हा वळल्या. रस्त्यानं मिरवणूक जात असली की आपण एकेकाला नजरेनं सोडून येतो, तशा. कधी माना वर, उंच काही जात असल्यासारख्या, कधी अगदी खाली. चहा दोनदा उकळून उतू जाईल इतका वेळ ते चाललं. शिक्षिका बाईंची चादर वारा नसताना फाटकाच्या दिशेनं ताणली गेलेली. मामा खड्ड्यात उभे, खुंटा छातीशी, ओठ हलत होते. मोजत होते. घोडे, उंट, हत्ती, बँडवाले. मग कुत्री एकेक करून खाली बसली आणि चादर लोंबकळली.

आम्ही मामांना वर काढलं. मला वाटलं होतं, त्यांचा चेहरा मोकळा झालेला असेल. एवढं ओझं उतरलं होतं! पण ते सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या उसातून आत्ता उठून आल्यासारखे दिसत होते. फाटकाकडे बघत म्हणाले, "गेले. सगळे गेले. मी इथे उभा होतो ताई, अगदी समोर. एकानंही मागे वळून पाहिलं नाही."

तेव्हा मला कळलं की हा माणूस इतकी वर्षं कसली वाट बघत होता. खुंटा निघाला की कुणीतरी म्हणेल, चल. किंवा निदान हात तरी करील. मला ते सहन झालं नाही. मी नातवंडांशी बोलते तशी, काही विचार न करता बोलून गेले.

"असं कसं? मी इथे फाटकाशी होते ना! तुम्ही खड्ड्यात होतात, तुम्हाला कसं दिसणार? शेवटच्या गाडीवर एक बाई पाठमोरी नव्हती बसली, मागे तोंड करून बसली होती. मांडीवर कोंबडा. तिनं हात केला की तुम्हाला. चांगला वळणापर्यंत करत होती."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग हळूच विचारलं, "कुठला हात?"

"डावा," मी म्हटलं. "उजव्यानं कोंबडा धरलेला."

मामा चिंचेच्या बुंध्यावर बसले. "तंबू शिवायची," ते म्हणाले. "केरळाकडची होती. मोठ्या दाभणानं ताडपत्री सांधायची. पहाटे चारा टाकला की मला पेज द्यायची, मोने म्हणायची. त्यांच्याकडे पोराला म्हणतात तसं. कोंबडा अंड्यातून निघाल्यापासून तिच्याजवळ होता, दुसऱ्याच्या हातात जायचा नाही." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही ताई. तुमच्या मामींनाही नाही."

नंतर ते चहा प्यायला वर आले. दोन कप प्याले, चिक्की दिली. जाताना दारात थांबून विचारलं, "वळणापर्यंत करत होती ना?" मी म्हटलं, "हो, वळणापर्यंत." त्यांनी मान हलवली आणि लहान मुलासारखे खूश होऊन जिना उतरले. त्यानंतर सहा महिने होते ते, आणि ते सहा महिने त्यांनी दुसरी कुठली गोष्ट मला विचारली नाही.

कोंबडा मला कुठून सुचला, हे माझ्या जावेनं अनेकदा विचारून झालं. आमच्या घरात कोंबडा कुणी पाळला नाही, की तेव्हा कुठून आरवल्याचंही मला आठवत नाही. मी मामांचं मन राखायला खोटं बोलायचं म्हणून तोंड उघडलं होतं, एवढंच मी शपथेवर सांगू शकते. त्याच्या पुढचं माझं मलाच ठाऊक नाही.